"तुमचे किती मित्र मूळचे कॅनेडियन आहेत?" हा प्रश्न फॉर्ममधून आधी काढ

तुझा प्रश्न मला समजला तो असा: एमएच्या प्रबंधासाठी तुला टोरंटो आणि आसपासच्या (मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल वगैरे) मराठी कुटुंबांवर काम करायचंय, तुझ्या गाइडनी गृहीतक दिलंय की जो मराठी मंडळात जास्त रमतो तो तिथल्या समाजात कमी मिसळतो, तू चाळीस प्रश्नांचा गूगल फॉर्म बनवलायस, तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार आहेस, आणि विचारतेयस की हे "मिसळणं" मोजायचं कसं. फॉर्म वाचला. प्रश्न क्रमांक सात, "तुमचे किती मित्र मूळचे कॅनेडियन आहेत", तो आधी उडव. का ते सांगते, जरा लांबेल.

मी हे काम करायला लागून पंचवीसेक वर्षं झाली, आधी नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेत, मग युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टांवर मुलाखती घेत. सुरुवातीला माझ्याही कागदावर हाच प्रश्न होता. टोरंटोच्या स्कारबरो भागातल्या एका बिल्डिंगमध्ये एका मराठी ताईंना विचारलं, तुमच्या नॉन-इंडियन मैत्रिणी किती, त्या म्हणाल्या एकही नाही हो, आम्ही आपले आपल्यातच. मी शून्य लिहिलं. चहा उकळेपर्यंत दार उघडलं, समोरच्या फ्लॅटमधल्या जमैकन आजी ताईंच्या धाकट्याला शाळेतून घेऊन आल्या होत्या. बेल वाजवली नाही, त्यांच्याकडे किल्ली होती. ताईंची शिफ्ट आणि शाळा सुटायची वेळ जुळत नव्हती म्हणून हे दोन वर्षं रोज चाललं होतं. मी विचारलं या कोण, तर ताई म्हणतात, "त्या होय, त्या शेजारीण आहेत, मैत्रीण नव्हे."

आता सांग, शून्य लिहू का काय लिहू?

मराठीत मैत्रीण म्हणजे शाळा-कॉलेजातली, जिच्याशी पोटातलं बोलता येतं ती. इंग्रजीतला फ्रेंड हा शब्द त्यापेक्षा कितीतरी सैल आहे, तिथे ऑफिसमध्ये शेजारी बसणारासुद्धा फ्रेंड असतो. म्हणजे इंग्रजी फॉर्म मराठीत आणला की आपली माणसं आपोआप "एकलकोंडी" दिसायला लागतात. आणि गंमत अशी की आपल्याकडे या नात्यांच्या पायऱ्यांना चांगले शब्द आहेत, फक्त आपण ते फॉर्ममध्ये वापरत नाही. ओळख आहे, ये-जा आहे, ऊठबस आहे, घरोबा आहे. कुणाला "त्यांच्याशी तुमची नुसती ओळख का ये-जा आहे" असं विचारलं तर तो एका सेकंदात बरोबर उत्तर देतो, त्याला एक ते पाचची पट्टी लागत नाही. मी नंतर हेच शब्द वापरायला लागले आणि उत्तरं एकदम सुधारली.

दुसरं म्हणजे नात्याचं नाव विचारू नकोस, काम विचार. गेल्या वेळी मूल आजारी पडलं आणि तुम्ही कामावर होता तेव्हा कोणी आणलं? भारतात गेलात तेव्हा घराची किल्ली कोणाकडे होती? आत्ताची नोकरी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून कळली? टॅक्सचा फॉर्म कळला नाही तर कोणाला फोन लावता? अडीअडचणीला हजार डॉलर कोणाकडे मागाल, आणि मागायची लाज कोणाची वाटेल? हे मी शोधलेलं नाही, समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी १९७७-७८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात हजारावर माणसांच्या मुलाखती घेतल्या त्या याच धर्तीवर, तुम्ही बाहेरगावी गेलात तर घराकडे कोण बघतं अशा प्रश्नांनी नावं काढायची आणि मग प्रत्येक नावाबद्दल खोदून विचारायचं. याला नेम जनरेटर म्हणतात. याचा भाऊ म्हणजे पोझिशन जनरेटर, नान लिन यांचा, त्यात नावं विचारत नाहीत तर धंदे वाचून दाखवतात: तुमच्या ओळखीत नर्स आहे का, वकील, प्लंबर, शाळेचा मुख्याध्यापक, नगरसेवक, बँकेत कर्ज मंजूर करणारा? असेल तर ओळख आपल्यातून का बाहेरून? दहा मिनिटांत होतो आणि माणसाची पोच कुठवर आहे ते कळतं. तुझ्या फॉर्ममध्ये हा नाही, तो घाल.

पण नेम जनरेटर गूगल फॉर्मवर टाकू नकोस. समोर बसून विचारायची गोष्ट आहे ती, आणि त्यातही विचारणारा कंटाळला की संपलं. अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेत १९८५ मध्ये विचारलं होतं की महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कोणाशी बोलता, सरासरी २.९४ नावं आली. २००४ मध्ये तोच प्रश्न, सरासरी २.०८, आणि कोणीच नाही म्हणणारे जवळजवळ अडीच पट. केवढा गाजावाजा झाला, अमेरिकन माणूस एकटा पडला म्हणून. पुढे काहींनी तो डेटा परत उकलला तर दिसलं की शून्य उत्तरं बरीचशी ठराविक मुलाखतकारांकडूनच आली होती, कारण एक नाव लिहिलं की त्याच्यावर पुढचे डझनभर प्रश्न विचारायला लागतात, नाव नाही लिहिलं की सुट्टी. मुलाखतकाराच्या आळसाला राष्ट्राचा एकटेपणा समजलं गेलं (निदान काही प्रमाणात तरी). म्हणून तुझ्याबरोबर मुलाखती घ्यायला जी मुलं असतील त्यांना मुलाखतीवर पैसे दे, पण ऑडिओ ऐक.

आता गृहीतकाकडे येते. आपल्यात रमला म्हणजे बाहेर मिसळत नाही, हा तराजू डोक्यात इतका पक्का बसलाय की गाइडना दोष देण्यात अर्थ नाही. जर्मनीत याच्यावर मोठं भांडण झालंय. तुर्की कामगार १९६१ च्या करारानंतर तिकडे गेले, १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण माणसं परत गेली नाहीत, कुटुंबं आणली, मग सगळ्यांना प्रश्न पडला यांचं करायचं काय. गेऑर्ग एल्वर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलं की आधी आपल्या माणसांत नीट रुजू दे, तिथून आत्मविश्वास, माहिती, आधार मिळतो आणि त्याच्या जोरावर माणूस बाहेरच्या समाजात शिरतो. हार्टमुट एसर यांचं उलट, ते म्हणाले हा सापळा आहे, आपल्यातच नोकरी आपल्यातच धंदा मिळाला की भाषा शिकायची गरजच राहत नाही आणि वर चढायची शिडी आपल्याच गल्लीत संपते. इतकी वर्षं झाली तरी दोघांचे शिष्य भांडतायत, आणि माझं मत विचारशील तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांबद्दल आणि वेगवेगळ्या वर्षांबद्दल.

हे नुसतं समजूत काढणं नाही, पुरावा आहे. अडचण कायम ही असते की माणूस कुठे राहायचं ते स्वतः निवडतो, त्यामुळे आपल्या वस्तीत राहिल्याने मागे पडला का मागे पडलेला होता म्हणून आपल्या वस्तीत राहिला ते सुटत नाही. स्वीडनने १९८५ पासून काही वर्षं निर्वासितांना सरकारने ठरवलेल्या गावी पाठवलं, निवड फारशी त्यांच्या हातात नव्हती. त्याच्यावर एडिन, फ्रेडरिक्सन आणि ऑस्लुंड यांचा २००३ चा पेपर आहे, त्यात निघालं की कमी शिकलेल्यांना आपल्या माणसांच्यात राहिल्याचा कमाईत चांगला फायदाच झाला. पण त्यातच हेही आहे की आजूबाजूचे आपले लोक किती कमावते आहेत त्यावर सगळं अवलंबून, कमी कमावणाऱ्यांच्या घोळक्यात पडला तर फायदा नाही. लोरी बीमन यांचा २०१२ चा पेपर अमेरिकेत वसवलेल्या निर्वासितांवर आहे, तो मला जास्त आवडतो कारण तो काळ धरतो. तुझ्या देशाची माणसं त्या शहरात आधीपासून, बऱ्याच वर्षांपासून असतील तर तुला नोकरी लवकर मिळते. पण तुझ्याआधी वर्षभरात खूप जण आले असतील तर उलट, कारण ते स्वतःच नोकरी शोधतायत, एकाच ओळखीकडे सगळ्यांच्या रांगा. म्हणजे "मंडळात किती जण ओळखीचे" हा आकडा अर्धवट आहे, ते कितव्या वर्षातले आहेत हे विचारलंच पाहिजे. तुझ्या फॉर्ममध्ये कॅनडात येऊन किती वर्षं झाली हे उत्तर देणाऱ्याला विचारलंयस, त्याच्या ओळखीच्यांबद्दल नाही.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर तू वाचलाच असशील, १९७३ चा पेपर, विरळ ओळखींची ताकद. बॉस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून नोकरी कळली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. आठवड्यातून दोनदा भेटणारे सहातले एक, बाकी सगळे कधीमधी किंवा वर्षातून एखादवेळी. कारण जवळचे लोक तुला जे माहितीये तेच जाणून असतात. हे आपल्याकडे आजीलासुद्धा माहीत आहे, "ओळख काढली" म्हणतो ना आपण, घरोबा काढत नाही कोणी. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर प्रयोग करून हेच तपासलं तर निघालं की अगदी पुसट ओळख पण कामाची नाही, मधली सगळ्यात चांगली. फक्त लक्षात ठेव की न्यूटनमधले ते लोक शिकलेले, पांढरपेशे होते. टॅक्सीवाल्याला, गोदामातल्या कामगाराला नोकरी बहुतेक सख्ख्या नाहीतर मावसभावाकडूनच मिळते, कारण तिथे माहिती दुर्मीळ नसते, हमी दुर्मीळ असते. याची जबाबदारी मी घेतो, असं म्हणणारा लागतो.

हमीवरून माझ्या बाबांचं सांगते, विषयांतर वाटेल पण नाहीये.

बाबा रत्नागिरी जिल्ह्यातले, सतराव्या वर्षी मुंबईत गिरणीत लागले. लागले कसे, तर गावचा एक काका जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हाताखाली होता. परळला गावकीची खोली, एका खोलीत वीस-पंचवीस जण, पण सगळे एका वेळी नसायचे कारण तीन पाळ्या, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खाणावळवाल्या मावशींकडे, महिन्याच्या खात्यावर. गावी पैसे पाठवायचे, लग्न जुळवायचं, कोणी गेलं तर मयतीचा खर्च, सगळं खोलीतून. आज ज्याला सोशल कॅपिटल (ओळखीपाळखीचं भांडवल) म्हणतात त्याच्यावर लिहायला मला पुस्तक लागलं नाही, मी त्यातच वाढले. आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तेव्हा कळलं या जाळ्याचा दोष काय ते. आजारपणात, मयतीत, लग्नात जाळं झेलायचं कारण एका वेळी एकच पडायचा. संपात सगळे एकदम पडले. ज्याच्याकडे उसने मागायचे तोही घरी बसलेला, खाणावळीची उधारी सगळ्यांचीच थकलेली, मावशींनाच कर्ज काढायची पाळी. बाबांना शेवटी काम मिळालं ते गावच्या कोणाकडून नाही, दादर स्टेशनजवळ पेपरचा स्टॉल टाकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून, ज्याचं आणि आमचं ना गाव एक ना जात एक. रोज पेपर घ्यायचे, तेवढंच.

म्हणून मी तुझ्या गाइडचा प्रश्न थोडा फिरवून विचारते. माणसाच्या ओळखी आपल्या का परक्या, हे दुय्यम. त्याच्या सगळ्या ओळखी एकाच खुंटीला टांगल्यात का, हे बघ. टोरंटोत मी आयटीतली मराठी घरं पाहिलीत जिथे नवरा, बायको, तिचा भाऊ आणि मंडळातली चार कुटुंबं एकाच बँकेच्या एकाच प्रोजेक्टवर कंत्राटाने. ओकव्हिलला बंगला, मित्रांमध्ये दोन गोरे, एक चिनी, तेही त्याच प्रोजेक्टवरचे. गाइडच्या मोजपट्टीवर एकदम छान मिसळलेले. आणि प्रोजेक्ट गेला तर गोरे, चिनी, मराठी सगळे एकाच दिवशी बेकार. त्याच्या उलट ब्रॅम्प्टनमधली एक पोळीभाजीचे डबे देणारी बाई, इंग्रजी यथातथा, पण तिचं गिऱ्हाईक म्हणजे पंजाबी ट्रकवाले, गुजराती विद्यार्थी, एक डेंटिस्टचं क्लिनिक, दोन म्हाताऱ्या मराठी जोडप्यांचं रोजचं जेवण. कोण जास्त मिसळलंय?

दादरवर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा २००६ चा अभ्यास आहे तो जरूर वाच, तुझ्या विषयाला थेट लागतो जरी तो स्थलांतरावरचा दिसत नसला तरी. दादरच्या मराठी घरांमधल्या मुलांनी वीस वर्षांत कुठलं माध्यम निवडलं ते त्यांनी जवळजवळ ४,९०० कुटुंबांत जाऊन बघितलं. नव्वदीत मुंबईची अर्थव्यवस्था बदलली, इंग्रजीचा भाव वाढला. तरी कामगार वर्गातल्या जातींचे मुलगे मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच राहिले, कारण त्यांच्यासाठी बापकाकांची साखळी तयार होती, कारखान्यात चिकटवायला. मुलींना त्या साखळीचा कधीच उपयोग नव्हता, त्यांना कोण गिरणीत लावणार, म्हणून त्या मोकळ्या होत्या आणि त्या इंग्रजी माध्यमात गेल्या. म्हणजे जाळ्याने ज्याला धरलं तो अडकला, जिला बाहेर ठेवलं होतं ती निसटली. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझा भाऊ आणि मी आठवलो, जास्त लिहीत नाही.

आणि जाळं जेव्हा कोणाला आत घेतं तेव्हा कोणाला तरी बाहेर ठेवत असतं. गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला, पण दलितांना तिथे घेत नसत, कारण धोट्यातून (मागावर आडवा धागा फिरवतो तो) धागा तोंडाने ओढून घ्यायला लागायचा, त्याला थुंकी लागायची, तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला कसा लावायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न युनियनसमोर ठेवला. मग आज टोरंटोत "मराठी समाज" म्हणून तू एक खाना करणार असशील तर थांब. तिथल्या शाळामंडळाने २०२३ मध्ये जातिभेदाचा प्रश्न प्रांताच्या मानवाधिकार आयोगाकडे न्यायचा ठराव केला, त्याच वर्षी सिएटलने जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली, हे हवेतून आलेलं नाही. थेट जात विचारलीस तर लोक चिडतील आणि खोटं सांगतील. मी विचारते, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाचं कोण ठरवतं, वर्षात कुठकुठले सण आणि जयंत्या होतात, १४ एप्रिलला काही असतं का, तुम्ही तिथे जायचं बंद कधी केलं आणि का. उत्तरात सगळं येतं.

इथे बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, उदाहरण घेते, कारण मराठी बोलणारा एक आख्खा समाज परदेशात जाऊन रुजला त्याची इतकी स्वच्छ केस दुसरी नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आडनावं गावांवरून, पुढे मुंबईत नोकऱ्या, आणि १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला. आता पुस्तकी हिशोबाने यांना काहीच अडचण यायला नको होती: धर्म तोच, नागरिकत्व उतरल्या उतरल्या, सरकार बोलावतंय. तरी पन्नाशीच्या सुरुवातीला काही कुटुंबं वागणुकीला वैतागून धरणं धरून भारतात परत आली. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याची वंशावळ मागपर्यंत तपासा. म्हणजे भाषा शिकली, सैन्यात गेले, कर भरला, तरी लग्नाच्या कचेरीत तुम्ही पुरते ज्यू का हा प्रश्न. मोर्चे, धरणी, उपोषणं झाली, १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेत ठराव झाला आणि त्यानंतर धर्मपीठाने सूचनेतून बेने इस्रायल हे नाव काढलं.

तुझ्या कामासाठी त्यातलं महत्त्वाचं काय, तर तो लढा लढायला माणसं आली कुठून? लोद, रामले, दिमोना अशा गावांत ते एकमेकांना धरून राहिले होते, सिनेगॉग, नात्यागोत्याची लग्नं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोहे-खोबरं-फळांचा मलिदा. हे आपल्यातलं आपल्यात राहणं नसतं तर रस्त्यावर कोणी एकत्र आलंच नसतं, आणि रस्त्यावर आले म्हणूनच त्यांना त्या समाजात बरोबरीची जागा मिळाली. शाल्वा वाइल यांनी सत्तरच्या दशकात लोदमध्ये राहून यांच्यावर काम केलंय, ते मिळालं तर बघ. आज नातवंडं हिब्रू बोलतात, बाहेर लग्नं करतात, आणि मलिदाही करतात. तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा निघत आलंय. गाइडच्या गृहीतकात हे कुठे बसवायचं ते त्यांनाच विचार.

या उदाहरणातून दुसरी गोष्ट अशी की दरवाजा पलीकडून बंद असेल तर अलीकडच्याची मोजमापं घेऊन उपयोग नाही. टोरंटोत फिलिप ओरेओपोलोस यांनी तेरा हजार नकली बायोडेटा कंपन्यांना पाठवून बघितले, शिक्षण अनुभव सगळं सारखं आणि फक्त नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी, तरी इंग्रजी नावाला बोलावणं लक्षणीय जास्त. "कॅनेडियन अनुभव" (आधी कॅनडात काम केल्याचं दाखवा, ही अट) नावाचं भूत तर प्रत्येक मराठी इंजिनिअरला चावलेलं आहे. ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं की सरसकट ही अट लावणं म्हणजे भेदभाव, कायदा झाला २०२१ मध्ये, आणि इंजिनिअरांच्या लायसन्समधून ती अट गेली ती २०२३ मध्ये. मधल्या काळात पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर गोदामात खोकी उचलत होता आणि संध्याकाळी मंडळात नाटकाच्या तालमीला जात होता. तू त्याला फॉर्म भरायला दिलास तर निघेल: मंडळात जास्त, कॅनेडियन मित्र कमी, नोकरी हलकी. गृहीतक सिद्ध! पण मंडळामुळे तो मागे पडला नव्हता, लायसन्स अडलं होतं, आणि तालीम ही एकच जागा होती जिथे त्याला कोणीतरी साहेब म्हणत होतं. म्हणून प्रत्येकाच्या नोकऱ्यांचा आणि मंडळात जाण्याचा इतिहास तारीखवार घे, आधी काय झालं आणि नंतर काय, नुसतं आत्ताचं चित्र नको. एक कागद, त्यावर आडवी रेघ, वर्षं लिहायची, वर नोकऱ्या-घरं, खाली माणसं. लोक आवडीने भरतात.

सॅम्पलबद्दल पटकन. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकून मंडळात न जाणाऱ्यांबद्दल निष्कर्ष काढायचा, हे कसं जमणार? तिथून पुढे ओळखीओळखीने गेलीस तरी त्याच घोळक्यात फिरशील. निदान पाच-सहा वेगळ्या दारांनी शिर: नव्याने आलेल्यांचे सरकारी इंग्रजी वर्ग, पब्लिक लायब्ररीतली लहान मुलांची गोष्टीची वेळ, रात्रपाळीच्या गोदामांचे बस स्टॉप, कॉलेजातली मराठी मुलं (तळघरात सहा-सहा जण राहतात ती), क्रिकेटचे क्लब, इंदूर-बडोद्याकडचे मराठी जे स्वतःला आधी इंदूरकर म्हणवतात, आणि ज्यांनी अमराठी माणसाशी लग्न केलंय ते. प्रत्येक दारातून आलेल्याला दोनच पुढची नावं द्यायला सांग, जास्त नाही, नाहीतर एकाच बोलक्या काकांचा गोतावळा तुझा प्रबंध होतो. शेजार म्हणजे समाज असंही धरू नकोस, बॅरी वेलमन यांनी टोरंटोच्याच ईस्ट यॉर्कमध्ये १९६८ साली ८४५ लोकांना विचारलं होतं, त्यांची अगदी जवळची माणसं बहुतेक त्या वस्तीत राहतच नव्हती, पण शहरात होती, फोन आणि गाडीच्या अंतरावर. आज तर त्यात सातारची आईसुद्धा व्हिडिओ कॉलवर धर.

नवरा-बायकोची मुलाखत वेगवेगळी घे, हे विसरलीस तर सगळं फुकट. एकत्र बसले की नवरा बोलतो आणि बायको चकल्या आणते, आणि घरचं जाळं प्रत्यक्षात तिने विणलेलं असतं, शाळेच्या गेटवर, बसमध्ये, डे-केअरच्या रांगेत. नोकरीवाल्याबरोबर त्याच्या व्हिसावर आलेल्या बायका तर पहिली दोन-तीन वर्षं नवऱ्याच्याच ओळखींच्या ओळखी असतात, वहिनी म्हणून, नावाने कोणी ओळखत नाही. तिला स्वतःच्या नावाने हाक मारणारं पहिलं माणूस कोण भेटलं, हा माझा आवडता प्रश्न आहे. उत्तर बरेचदा इंग्रजीच्या वर्गातली इराणी नाहीतर फिलिपिनो बाई असतं.

शेवटचं, आणि यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. समाज छोटा आहे, नाव बदलून भागत नाही. माझ्या एका जुन्या रिपोर्टात मी एका बाईंचं नाव बदललं, बाकी तसंच ठेवलं: घटस्फोट, दोन मुली, भरतकामाचे क्लास, आधी आखातात होत्या. रिपोर्ट आला त्या आठवड्यात मंडळात सगळ्यांना कळलं कोण ते, कारण अशी बाई एकच होती. त्यांनी माझा फोन परत कधी उचलला नाही. तेव्हापासून मी गाव, धंदा, मुलांची संख्या यातलं निदान दोन तरी बदलते, दोघातिघांच्या गोष्टी एकत्र करून लिहिते, आणि लिहिलेला भाग छापायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवते. तुझ्या फॉर्मच्या पहिल्या पानावर "पूर्ण नाव आणि ईमेल, आवश्यक" असं लाल चांदणी लावून ठेवलंयस, ते सातव्या प्रश्नाबरोबरच काढून टाक, आणि नवीन फॉर्म झाला की मला पाठव.